पाळलेल्या गेकोची कात अडकली तर ओढू नका, बोटच हातात येईल

एसटीनं कात टाकली, अमुक पक्षानं कात टाकली, शाळेच्या जुन्या इमारतीनं कात टाकली. मराठी बातम्यांमध्ये दर आठवड्याला कोणी ना कोणी कात टाकतच असतं. पण ज्याच्या अंगावर खरोखरची कात असते, त्या प्राण्याला ती नीट टाकता आली नाही तर काय होतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. मलाही नव्हतं. गेल्या हिवाळ्यात एका मित्राचा फोन आला तोपर्यंत.

हा मित्र राहतो कोल्हापुरात, राजारामपुरीच्या गल्ल्यांमध्ये. घरी त्यानं लेपर्ड गेको पाळलाय. गेको म्हणजे सोप्या भाषेत पालच, फक्त ही भिंतीवर चढत नाही. पिवळसर अंग, त्यावर काळे ठिपके, गुबगुबीत शेपटी आणि चेहरा कायम हसल्यासारखा. अंगावर नारिंगी झाक आहे म्हणून नाव ठेवलंय तांबडा. पुढंमागं दुसरा आणला तर त्याचं नाव पांढरा, हेही ठरलेलं आहे. आज्जीचं मत मात्र पहिल्या दिवसापासून ठाम आहे, "पाल कसली पाळतोस रे, घरातल्या हाकलून दमलो आम्ही!"

तर फोनवर मित्र म्हणाला, "लेका, ह्याच्या बोटाला काय झालंय बघ की. दोरा गुंडाळल्यागत दिसतंय."

फोटो आला. मागच्या पायाच्या दोन बोटांभोवती पांढरट, कडक कडी बसली होती. एका बोटाचं टोक सुजलं होतं, दुसऱ्याचं काळपट पडलं होतं. घरात तोवर सल्ल्यांचा पाऊस सुरू झालेला. आई म्हणे खोबरेल लाव. धाकटा भाऊ चिमटा घेऊन तयार. इन्स्टाग्रामवर कुणीतरी कॉमेंट केली होती, 'ब्रो, ओढून काढ, काही होत नाही.'

होतं. आणि जे होतं ते परत जुळून येत नाही. पालीची शेपटी तुटली तर नवी येते, हे आपण शाळेत शिकलोय. बोटाचं तसं नाही. गेकोचं बोट एकदा गेलं की गेलं.

आधी कात टाकणं म्हणजे काय ते बघू

साप आणि पाली यांच्या त्वचेचा बाहेरचा थर केराटिनचा असतो. आपली नखं आणि केस ज्या पदार्थाचे असतात तोच हा पदार्थ. आपली कातडीही झडते, पण कण कण, रोज, कळतही नाही. पालीची कात एकाच वेळी सगळ्या अंगावरून सुटते. जुन्या थराखाली आधी नवा थर पूर्ण तयार होतो. मग दोन्हींच्या मध्ये पातळ द्रव झिरपतो आणि जुना थर खालच्यापासून मोकळा होतो. हे चालू असताना गेको फिका, राखाडी, धुरकट दिसायला लागतो. अंगावर पातळ पांढरा कागद चिकटवल्यासारखा. या दिवसांत तो कमी खातो, लपून बसतो आणि हात लावला तर वैतागतो.

सापाची कात ओठापासून सुटायला लागते आणि मोजा उलटा काढावा तशी सबंध निघते. शेतात, कुंपणावर ती सापडते ती अशी. पालीची कात मात्र तुकड्यांनी निघते. गेको तोंडानं ती ओढतो, पायावरची कात हातमोजा काढावा तशी उपसतो आणि चक्क खाऊन टाकतो. त्यामुळं नवीन पाळणाऱ्याला वाटतं, आपला गेको कात टाकतच नाही. टाकतो, पण सकाळपर्यंत पुरावा पोटात गेलेला असतो.

वाढत्या वयाचं पिल्लू साधारण एक-दोन आठवड्यांनी कात टाकतं. पूर्ण वाढलेला लेपर्ड गेको साधारण महिना-दीड महिन्यानं टाकतो. म्हणजे वर्षात आठ-दहा वेळा तरी अडकायची संधी असते.

आपल्या भिंतीवरची पालही हेच करते. तिच्या बाबतीत अजून एक गंमत आहे. ती काचेवर, छतावर चालते ती तळपायावरच्या लाखो सूक्ष्म केसांच्या जोरावर. हे केस झिजतात आणि कातीबरोबर जुने जाऊन नवे येतात. म्हणजे दर काही आठवड्यांनी पालीला नवे टायर मिळतात. क्रेस्टेड गेको नावाची जी दुसरी जात हल्ली पाळली जाते, तिलाही असेच चिकट पाय असतात. तिच्या तळव्यावर कात अडकली तर ती चढताना घसरते, पडते. लेपर्ड गेकोला असे तळवे नसतात, साधी नखं असतात. म्हणून तो जमिनीवरच असतो, आणि म्हणून आज्जीच्या डोक्यावर पडायची भीती नाही.

मग ती अडकते का?

इथं सगळ्यात मोठा गैरसमज आहे. दुकानात सांगितलं जातं, 'हा वाळवंटातला प्राणी आहे, कोरडं ठेवा.' ऐकायला बरोबर वाटतं. लेपर्ड गेको मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या पट्ट्यातला. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, तेही पंजाबातल्या सॉल्ट रेंजमधून मिळालेल्या नमुन्यावरून. म्हणजे प्रदेश कोरडा, खडकाळ, हे खरं.

पण गेको त्या प्रदेशात दुपारी बारा वाजता उन्हात उभा नसतो. दिवसभर तो दगडाखाली, बिळात, कपारीत असतो. आणि जमिनीखाली हात-दीड हात गेलं की हवा वरच्यापेक्षा बरीच ओलसर असते. कोल्हापुरात कुणी उन्हाळ्यात शेतातला मोठा दगड उलटून बघितला असेल तर त्याला हे माहीत आहे. वर फुफाटा असतो, खाली माती गार आणि ओली. गेको कात टाकतो तो या ओल्या जागेत बसून. आपण त्याला घरात आणतो, काचेच्या पेटीत कोरडा टिश्यू अंथरतो, खाली गरम करणारी चटई लावतो आणि बीळ द्यायचं विसरतो.

जुन्या आणि नव्या थरामधला द्रव टिकला तर कात लवचिक राहते आणि सुटते. हवा फार कोरडी असेल तर कात अर्ध्यातच वाळते. पाठ-पोटाची निघून जाते, कारण तिथं जागा मोठी आणि पकड सोपी. अडकते ती बोटं, शेपटीचं टोक आणि डोळ्यांच्या आसपास.

बोटावर राहिलेली कात वाळली की आकसते. लहानपणी बोटाला रबरबँड गुंडाळून बोट लाल, मग निळं होताना आपण सगळ्यांनी बघितलंय. तेच इथं होतं, फक्त सोडवणारं कुणी नसतं. रक्त पुढं जात नाही, टोक सुजतं, काळं पडतं, वाळतं आणि गळतं. त्यात पुढच्या महिन्यात कातीचा अजून एक थर आधीच्या थरावर चढतो आणि कडी आणखी घट्ट होते. मित्राच्या गेकोचं तेच झालं होतं. डिसेंबरमधली कात राहिली ती कुणी बघितली नाही, जानेवारीत तिच्यावर दुसरी बसली.

कोल्हापूर तर दमट, मग इथं कसं?

हा प्रश्न मित्रानंही विचारला. पंचगंगेचं पाणी वाढलं की आठवडाभर कपडे वाळत नाहीत असलं हे गाव. इथं कोरडेपणाचा त्रास कसा?

उत्तर आर्द्रतेच्या आकड्यात आहे. हवामान खातं जी आर्द्रता सांगतं ती सापेक्ष असते. म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे. हवा तापली की तिची वाफ धरायची ताकद वाढते. वाफ तेवढीच राहिली तर टक्केवारी खाली येते. समजा जुलैत खोलीत २५ अंश तापमान आहे आणि आर्द्रता ८० टक्के. तीच हवा गेकोच्या पेटीत ३२ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता पन्नाशीच्या आसपास येते. आता जानेवारीची रात्र घ्या. खोलीत २० अंश, आर्द्रता ४० टक्के. पेटीत ३२ अंश केले की उरते जेमतेम २० टक्के. गेकोला गरम ठेवायच्या नादात आपण त्याच्याभोवती भट्टी तयार करतो.

म्हणून हिवाळा आणि मार्च-एप्रिल हे आपल्याकडं कात अडकायचे महिने. एसी लावलेल्या खोलीत तर बारा महिने. यातून एक उपयोगी खूणही मिळते. भर पावसाळ्यात, पेटीत ओलावा नीट असतानाही वारंवार कात अडकत असेल तर दोष हवेचा नाही. मग गेको आतून आजारी आहे का ते बघावं लागतं. जंत, अंगावरचे माइट, जुनी जखम, शरीरात पाणी कमी पडणं, किंवा खाण्यातली कमतरता. विशेषतः जीवनसत्त्व अ. किडे खाणाऱ्या गेकोला हे जीवनसत्त्व कमी पडलं की डोळे सुजतात, कातडी नीट सुटत नाही. पण म्हणून मेडिकलमधून माणसाची कॅप्सूल आणून तिचा थेंब द्यायचा नाही. हे जीवनसत्त्व जास्त झालं तरी कातडी सोलून निघते. पन्नास-साठ ग्रॅमच्या जीवाला आपला एक थेंब म्हणजे काय, याचा अंदाज करा.

आता करायचं काय

चिमटा ठेवून द्या. खोबरेल तेल, हळद, डेटॉल, व्हॅसलीन, बाम, सगळं ठेवून द्या. तेलानं कात मऊ झाल्यासारखी वाटते, पण ते नाकपुडीत, डोळ्यात जातं, कचरा चिकटवून घेतं आणि गेको ते चाटतोही. लागतं ते फक्त पाणी, थोडी ऊब आणि बराच धीर.

झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा घ्या. गेकोला आत वळता येईल एवढा. झाकणाला हवेसाठी भोकं पाडा. तळाला किचन टॉवेलची घडी घाला आणि त्यावर कोमट पाणी ओता. किती कोमट? साधारण २८ ते ३० अंश. थर्मामीटर नसेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, गरम अजिबात लागता कामा नये. आपण अंघोळीला घेतो ते पाणी त्याच्यासाठी फार गरम असतं. पाणी किती? पाऊल बुडेल एवढंच. पोट तरंगायला लागलं तर जास्त झालं. लेपर्ड गेको पोहणारा प्राणी नाही, खोल पाण्यात तो बुडू शकतो.

गेकोला आत ठेवा, झाकण लावा आणि १५ ते २० मिनिटं तिथंच बसा. 'डबा ठेवला आणि चहा प्यायला गेलो' असं करायचं नाही. आत वाफेचं वातावरण तयार होतं, कात पाणी पिते आणि फुगते. पाळणारे लोक याला सोना म्हणतात. शब्द फिनलंडचा, डबा श्रीखंडाचा.

मग गेकोला ओल्या टॉवेलवर घ्या. उचलताना शेपटी धरायची नाही, घाबरला तर तो ती टाकून देतो. नवी येते, पण पहिल्यासारखी नसते आणि शेपटीत साठवलेली चरबी जाते ती वेगळीच. ओला इअरबड घ्या आणि बोटाच्या मुळापासून टोकाकडं हलक्या हातानं फिरवा. बड गोल गोल फिरला पाहिजे, घासला नाही पाहिजे. कातीची कड उचलली गेली की ती पुढं सरकते. बऱ्याचदा अंगठी निघावी तशी सबंध कडी निघून येते आणि ते बघताना जे समाधान मिळतं त्याला तोड नाही.

नाही निघाली तर? थांबायचं. इथंच सगळे चुकतात. 'आता थोडीच राहिलीय' म्हणून नखानं ओढलं जातं आणि खालचा नवा, कच्चा थर सोबत येतो. रक्त येतं, जखम होते, जंतू शिरतात. त्यापेक्षा उद्या परत डबा, परत २० मिनिटं, परत बड. दिवसातून एकदा, फार तर दोनदा. दोन-तीन थर बसलेली कात एका दिवसात सुटत नाही. तांबड्याला चार दिवस लागले.

डोळ्याचं प्रकरण वेगळं आहे आणि जास्त नाजूक आहे. लेपर्ड गेकोला पापण्या असतात, तो डोळे मिटतो. पालींमध्ये हे दुर्मीळ आहे. भिंतीवरच्या पालीला आणि क्रेस्टेड गेकोला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक भिंगासारखा थर असतो आणि जिभेनं चाटून तो साफ ठेवला जातो. लेपर्ड गेकोच्या पापणीखाली कातीचा तुकडा राहिला तर डोळा चिकटतो, पू होतो, आणि डोळा मिटला की त्याला भक्ष्य दिसत नाही. मग खाणं बंद होतं. घरी करायचं ते एवढंच, सोना द्या आणि स्वच्छ सलाइननं भिजवलेल्या बडनं पापणीची बाहेरची कड ओली करा. एक-दोन दिवसांत डोळा उघडला नाही तर डॉक्टर. घरात पडलेले डोळ्याचे थेंब टाकायचे नाहीत, कारण त्यात स्टेरॉइड असू शकतं आणि जखम असेल तर ते नुकसान करतं.

डॉक्टर कुठं मिळणार?

ही खरी अडचण आहे. आपल्याकडं गावोगावी जनावरांचे दवाखाने आहेत, पण ते गाई-म्हशींसाठी उभे राहिलेले. शहरात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर भरपूर. सरपटणाऱ्या प्राण्यांवर हात बसलेले डॉक्टर मात्र थोडे आहेत, आणि ते मुंबई-पुण्यात जास्त. मित्रानं कोल्हापुरात तीन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी रिसेप्शनवरच्या ताईंनी 'काय पाळलंय म्हणालात?' असं दोनदा विचारलं. तिसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी आधी फोटो मागवले, व्हिडिओ कॉलवर बोटं बघितली आणि मग बोलावलं. हे प्रामाणिकपणाचं काम झालं.

म्हणून गेको आजारी पडायच्या आधीच डॉक्टर शोधून ठेवा. फोन करून सरळ विचारा, 'तुम्ही सरडे-पाली बघता का? नसाल तर कुणाकडं पाठवाल?' शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कोल्हापूरहून पुण्याला जाताना महामार्गावरच. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, जनावरांसाठीचं शहरातलं फार जुनं रुग्णालय. अशा मोठ्या ठिकाणीही आधी फोन करूनच जा. गेको न्यायचा झाला तर हवेची भोकं असलेल्या डब्यात, ओलसर टिश्यूवर, आणि डबा कापडात गुंडाळून. एसटीच्या खिडकीच्या वाऱ्यात नाही.

कधी न्यायचं? बोट सुजलं, लाल झालं किंवा काळं पडलं असेल तर लगेच. तीन-चार दिवस सोना देऊनही कडी हलत नसेल तर. डोळा उघडत नसेल तर. रक्त किंवा पू दिसला तर. आणि दर वेळी कात अडकत असेल तर, कारण मग मूळ दुखणं दुसरं आहे. काळं पडून वाळलेलं टोक मात्र कुणीही ओढून काढू नये. ते मेलेलं असतं, स्वतःहून गळतं. डॉक्टर बघतात ते मागच्या जिवंत भागात जंतू शिरलेत का. एखादं टोक गेलेला गेको व्यवस्थित जगतो, फक्त ते टोक जायची गरज नव्हती एवढंच.

पुन्हा अडकू नये म्हणून

श्रीखंडाचा रिकामा डबा परत घ्या, यावेळी अर्धा किलोचा. बाजूला गेको आत जाईल एवढं भोक पाडा आणि कडा पॉलिश पेपरनं घासून घ्या, नाहीतर पोटाला ओरखडे पडतात. आत नर्सरीत मिळणारं कोकोपीट किंवा शेवाळ किंवा साधा किचन टॉवेल ओला करून, पिळून ठेवा. मुठीत दाबल्यावर पाणी टपकायला नको, हात फक्त ओला व्हायला हवा. हा डबा पेटीच्या उबदार बाजूला ठेवला की आत दमट हवा तयार होते. हेच त्याचं बीळ. याला मॉइस्ट हाइड म्हणतात. बाकीची पेटी ३० ते ४० टक्के आर्द्रतेवर कोरडी राहू द्या आणि या डब्यात ७०-८० टक्के. कुठं बसायचं ते गेको ठरवतो. कात जवळ आली की तो आपणहून त्यात जाऊन बसतो, हे बघण्यासारखं असतं.

सगळी पेटीच ओली करून ठेवायची नाही. सतत ओल्या जमिनीवर राहिला तर लेपर्ड गेकोच्या पोटाच्या कातडीला जंतुसंसर्ग होतो, श्वासाचा त्रास होतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर उलटी काळजी घ्यावी लागते, डब्यातल्या कोकोपीटला बुरशी येते. आठवड्याला बदलायचं. क्रेस्टेड गेकोचं गणित वेगळं. तो न्यू कॅलेडोनिया बेटांवरच्या दमट जंगलातला. नामशेष झाला असं समजलं जात होतं आणि १९९४ मध्ये तो पुन्हा सापडला. त्याला संध्याकाळी फवारा मारून पेटीतली आर्द्रता ६० ते ८० टक्क्यांपर्यंत न्यायची, दिवसा थोडी उतरू द्यायची. त्याची शेपटी तुटली तर नवी येत नाही, हेही लक्षात असू द्या.

पेटीत एक-दोन खडबडीत दगड हवेत, अंग घासायला. पाण्याची उथळ वाटी रोज ताजी. गरम चटईला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर पोट भाजतं. आणि आर्द्रता मोजणारं छोटं डिजिटल यंत्र, ते पेटीच्या तळाशी लावायचं. वर झाकणाला लावलं तर ते भलतंच काहीतरी सांगतं.

पण या सगळ्यापेक्षा मोठी सवय म्हणजे बोटं मोजणं. प्रत्येक पायाला पाच, एकूण वीस. प्रत्येक कातीनंतर मोबाइलचा टॉर्च लावून वीसच्या वीस बोटं, शेपटीचं टोक आणि दोन्ही डोळे बघायचे. दोन मिनिटांचं काम आहे. त्याच दिवशी सापडलेली कात एका सोनात निघते. महिन्यानं सापडलेली बोट घेऊन जाते.

दोन गोष्टी जाता जाता

पहिली हात धुण्याची. गेको विषारी नाही, जगातली कोणतीच पाल विषारी नाही. दुधात पाल पडली की विषबाधा, ही भीती विषाची नसून जंतूंची असायला हवी. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात आणि प्राणी स्वतः ठणठणीत दिसतो. सोनाचा डबा, इअरबड, पाणी, सगळं स्वयंपाकघराच्या सिंकपासून लांब. हात साबणानं धुवायचे. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर गेको पाळूच नये, असं आरोग्य यंत्रणा सांगतात. आज्जी-आजोबांच्या बाबतीतही जपून.

दुसरी कायद्याची. लेपर्ड गेकोचा चुलतभाऊ आपल्याच महाराष्ट्रात आहे. युब्लेफॅरिस फुस्कस नावाची ही पाल पश्चिम भारतातल्या खडकाळ माळांवर राहते. गावाकडं ठिपक्यांची पाल दिसली की विषारी म्हणून ठेचली जाते, आणि आता उलटा धोका, कुणी रील बघून तिला पकडून पेटीत ठेवेल. कोल्हापूरच्या नावाची तर स्वतंत्र पालच आहे. नेमास्पिस कोल्हापुरेन्सिस, दाजीपूर परिसरातून २००९ मध्ये वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेली. ही सगळी मंडळी रानातच बरी. रानातून काहीही उचलून आणायचं नाही. विदेशी प्राण्यांबाबत, वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आहे आणि २०२४ च्या नियमांनुसार साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी घरी असतील तर 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. टोके गेको २०१९ पासून त्या यादीत आहे. घ्यायच्या आधी नेमकी जात कोणती, ती यादीत आहे का, हे वन विभागाकडून विचारून घ्या आणि दुकानदाराकडून पक्कं बिल घ्या. 'सगळं लीगल आहे भाऊ' हे बिल होत नाही.

तांबड्याचं पुढं असं झालं. सुजलेल्या बोटावरची कडी चौथ्या दिवशी सुटली, सूज आठवड्यात उतरली. काळ्या पडलेल्या बोटाचं टोक डॉक्टरांनी बघितलं, जंतू नव्हते, त्यांनी नुसतं राहू द्या म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांनी ते गळून गेलं. आता त्याला साडेएकोणीस बोटं आहेत असं मित्र सांगतो. फेब्रुवारीतली कात त्यानं श्रीखंडाच्या डब्यात बसून टाकली. सकाळी मित्रानं टॉर्च लावून पायन् पाय तपासला, आणि मागं उभ्या आज्जीनं विचारलं, "सगळी बोटं हायत न्हवं रं?"